भुजाबा बेपत्ता होतो

एका जंगलात बातम्या सोडून सगळं काही होतं, बाळांनो. पाणी होतं, कंदमुळं होती, भांडणंसुद्धा होती. पण शेजारच्या भांडणाचं कारण कळायला शेजारी जावं लागे. असं मागासलेलं जंगल होतं ते.

मग तिथे सातभाई पक्ष्यांचे थवे आले. तुम्ही पाहिले असतील. मातकट रंगाचे, घोळक्याने राहतात, एकाने तोंड उघडलं की सगळे उघडतात. त्यांनी जाहीर केलं, "तुमच्या दारातल्या झाडावर आम्ही बसू. जगात घडेल ते सांगू. फुकट!"

फुकट म्हटल्यावर प्राणी जितके भुलतात, तितके पिकल्या उंबरालाही भुलत नाहीत.

ओढ्याच्या उंच काठावर भुजाबा नावाचा साळिंदर राहत होता. घरात बायको गजरा आणि दोन पिल्लं. भुजाबा मनाने चांगला, जगाची त्याला फार काळजी. त्याने दारातल्या करंजावर एक थवा बसवून घेतला.

"पलीकडच्या खोऱ्यात गवे झुंजले!" थवा ओरडे. भुजाबाच्या अंगावरचे काटे ताठ उभे राहत. काटे उभे राहिले की त्याला वाटे, आपण जागरूक आहोत.

पण हा थवा डोंगराकडचं काही सांगत नसे. म्हणून भुजाबाने दुसरा बसवला. दोघांचं एकमेकांशी जुळेना, तेव्हा खरंखोटं करायला तिसरा. करंजाला पानं कमी आणि पक्षी जास्त झाले. भुजाबाची झोप उडाली. जेवताना हातातला कंद तसाच राहू लागला.

"अहो, एवढा त्रास होतोय तर हुसकावा ना त्यांना," गजरा म्हणाली.

"आणि मग काही घडलं म्हणजे?"

"घडेल की. तुम्ही ऐकलं नाही म्हणून घडायचं राहतंय का?"

"तेच तर म्हणतोय मी!" भुजाबा म्हणाला आणि पुन्हा कान टवकारून बसला.

शेवटी डोकं ठणकायला लागलं, तेव्हा तो एका हुशार कावळ्याकडे गेला. कावळा म्हणाला, "काका, तुमच्याकडे बातम्या जास्त नाहीत, नियोजन कमी आहे. सगळे थवे मी ऐकतो. तुम्हाला कामाचं तेवढंच सांगतो."

"माझ्या कामाचं काय, ते तुला कसं कळणार?"

"तुमचे काटे बघून. ज्याला उभे राहतील, ते कामाचं."

त्या दिवसापासून भुजाबाला फक्त वाघ, वणवे आणि साथीचे रोग ऐकू येऊ लागले. कावळ्याकडून काही सुटायला नको, म्हणून थवेही त्याने राहू दिले. आता सगळं दोनदा कळू लागलं.

एके सकाळी गजरा धापा टाकत बाहेर आली. "अहो, बिळामागची माती खचतेय. भेग पडलीय, माझा अख्खा पंजा आत गेला. आजच्या आज ओढ्यापलीकडे नवं बीळ उकरू या. चला, मला एकटीला नाही व्हायचं ते."

भुजाबाने वर बघून विचारलं, "काय रे, ओढ्याकाठच्या भेगेबद्दल काही?"

"काही नाही," कावळा म्हणाला. "वाळवंटात मात्र वादळ आहे."

"बघ. काही नाही."

"अहो, मी पंजा घालून आलेय!"

"तुझा एकटीचा पंजा, गजरे. इथे थवेच्या थवे बसलेत."

गजरा तशीच मागे फिरली. पिल्लांना घेऊन ओढा ओलांडून गेली आणि एकटीच उकरायला लागली.

दुपारी काठ कोसळला. बीळ गेलं, करंज गेला, करंजाखाली बसलेला भुजाबाही गेला. पक्षी तेवढे उडाले. गजराने हातातलं काम टाकून पाण्यात उडी घेतली. चिखलात चाचपडत तिने नवऱ्याला शोधलं, ओढत पलीकडच्या काठावर आणलं आणि त्याला बिलगून रडली. साळिंदराला बिलगणं सोपं नसतं, बाळांनो.

"थांब जरा," भुजाबा म्हणाला. "ऐकू दे."

समोरच्या अर्जुनाच्या झाडावर थवे ओरडत होते, "ओढ्याची दरड कोसळली! भुजाबा साळिंदर बेपत्ता!"

भुजाबाचे उरलेसुरले काटे उभे राहिले. "अरेरे! ओळखत होतो मी त्याला. बायकापोरांचं कसं होणार आता?"

"अहो, तुम्हीच ना तो! हे काय माझ्यासमोर बसलाय!"

"तिन्ही थवे एकच सांगताहेत, गजरे. असं आजवर कधी झालं नव्हतं."

तेवढ्यात शेजारची म्हातारी घोरपड समाचाराला आली. भुजाबाला बघून ती जरा अवघडली. पण एवढं सरपटत आलो आहोत तर बोलून जावं, म्हणून म्हणाली, "भुजाबा, तुमच्या जाण्याने मोठी पोकळी निर्माण झाली हो."

"झाली ना," भुजाबा म्हणाला. "काठच राहिला नाही."

गजराने धाकट्या पिल्लाला पुढे केलं. "बाबांना हात लाव रे."

पिल्लाने हात लावला. "आई, बाबा ओले आहेत."

भुजाबाच्या डोळ्यांत पाणी आलं. क्षणभर त्याला वाटलं, असेनही मी इथेच. तो उठायला लागला, तोच कावळा ओरडला, "आत्ताच हाती आलंय! शोध थांबवला!"

भुजाबा पुन्हा खाली बसला. "तू हो पुढे, गजरे. दुरुस्ती येईल. ती आली की लगेच घरी येतो."

गजरा ऊन उतरेपर्यंत थांबली. मग पिल्लांना घेऊन गेली. जवळपास एकही झाड नाही अशी जागा बघून सकाळी उकरायला घेतलेलं बीळ तिने पुरं केलं. रोज ती त्याच्यासाठी कंद घेऊन येते. तो संकोचून खातो. बेपत्ता साळिंदराला एवढी भूक लागावी, हे त्याला बरं दिसत नाही.

आणि थवे काही बेजबाबदार नव्हते, बाळांनो. दुरुस्ती त्यांनी केली. कोसळला तो डावा काठ नसून उजवा काठ होता, असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं.

भुजाबाने मान डोलावली, आणि तो पुढच्या दुरुस्तीची वाट पाहू लागला.

तात्पर्य: पायाखालची माती सरकू लागली तर घाबरून उठू नये, खात्रीलायक सूत्रांकडून कळेपर्यंत बसून राहावं. घरची माणसं सूत्रांत मोडत नाहीत.