टॉवेलाखालचा फोन

आमचे शेजारी दगडूतात्या फोनवरचा नंबर टॉवेलाखाली हात घालून दाबतात. जनावरांच्या बाजारात भाव तिसऱ्याला कळू नये म्हणून रुमालाखाली बोटं धरतात ना, तसंच. एकदा मी म्हणालो, "तात्या, घरात तुमी आन् मी. बघतंय कोण?"

"तूच की बे!"

मी चौथीतनं शाळा सोडली. तात्या शाळेत गेले ते आत शिरलेली मेंढरं हाकायला. पण फोनवरच्या चोरांची माहिती द्यायला आष्टीहून फौजदार आले, तेव्हा निम्मा वेळ तात्याच बोलले. "सायेब, तीनच गोष्टी. चोराची चाल वळखा, वाघर नीट बांधा, हात झाका." वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. फौजदारांच्या कागदावरही तेच होतं, फक्त चार पानं लांब.

अनोळखी नंबर आला की तात्यांचा एकच सवाल, "आमच्या मेंढराच्या कानाला खूण काय?" ब्यांकेचा साहेब, लाटरीवाला, सगळे तिथंच गार. गॅसवाला खरा होता, त्यालाही हाकलला. महिनाभर चूल फुंकली, पण खूण फोडली नाही.

तात्यांचा एकुलता एक पोरगा मारुती पुण्याला कंपनीत. दोन वर्षं गावाकडं फिरकलेला नाही. परवा मी बसलो असताना अनोळखी नंबर वाजला.

"आबा, मी मारुती. फोन हरवला माझा. हा नवा नंबर हाय. म्हणलं, जत्रंला..."

"कानाची खूण सांग."

"आवो, मी हाय की!"

"खूण."

पलीकडनं हळूच, "उजव्या कानाला... भोक?"

"चोर हायेस तू!" तात्यांनी फोन कापला.

मी उखडलोच. "आवाज त्याचाच होता की, तात्या!"

"मला वळखू येत न्हाई व्हय? डाव्या कानाला दोन चिरा. धा वर्साचा व्हता, कोकरू मांडीवर धरून बसायचा. चिरा मी द्यायचो, रडायचा त्यो." तात्या टॉवेलानं फोन पुसत राहिले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"मग लावा परत."

"चोराला कोण फोन लावतं बे?"

दुसऱ्या दिवशी गेलो, तर फोन ओट्यावर उघडाच. टॉवेल खांद्यावर.

"सवाल बदललाय," तात्या म्हणाले. "आता इचारणार, घरी कधी येतूस?"

"आन् बरोबर उत्तर काय?"

तात्यांनी फोन जरा जवळ ओढला.

"कोणतंबी चालंल."