दगडी भावाचा शेवट

शुक्रवारी दुपारी रजिस्टरबुवांनी एक छोटासा निर्णय घेतला. दादाला सिनेमा दाखवण्याआधी त्याचा शेवट आपण एकदा बघून ठेवावा. बस, एवढंच. काही गोष्टी न बघता पुढे सरकवायच्या असतात, हे नोंदणी कचेरीत सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला खरं तर कळायला हवं होतं.

कचेरीत बुवांचं एक वाक्य प्रसिद्ध होतं : "फोटो जुळत नाही. नवा काढून आणा." कुणी दाढी वाढवली म्हणून, कुणी चष्मा लावला म्हणून त्यांनी माणसं परत पाठवली होती. (एकदा सख्ख्या साडूला पाठवलं होतं. तो अजून बोलत नाही.)

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. वडील गेल्यावर तो शिक्षण सोडून लेथवर उभा राहिला, धाकट्याला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं आणि स्वतःचं करायचं राहून गेलं. आता त्याच्या हृदयाची झडप बदलायची होती. ऑपरेशन सोमवारी सकाळी. डॉक्टर "बघू या" म्हणाले होते आणि म्हणताना त्यांनी बघितलं होतं खिडकीकडे.

"मला काही नको," दादा म्हणाला होता. "तो आपला तलवारवाला सिनेमा एकदा दाखव. पूर्ण."

'पूर्ण' हीच अडचण होती, कारण तो सिनेमा दोघांनी पन्नासेक वेळा पाहिला होता, पण पूर्ण एकदाही नाही. दोन राजपुत्र असतात. काळ्या किल्ल्यातला जादूगार थोरल्याला दगड करून टाकतो आणि धाकटा तलवार घेऊन त्याला सोडवायला निघतो. वडिलांनी तो कॅसेटवर उतरवून घेतला होता, पण त्याच कॅसेटवर पुढे मामाचं लग्न होतं आणि ते पुसायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे जादूगाराने काठी उगारली, की पुढच्याच क्षणी मामा तोंडात घास कोंबताना दिसत. (मामांना पाहून दोघे भाऊ पुढे कित्येक वर्षं दचकत.)

दादा तेरा वर्षांचा असताना काविळीने अंथरुणाला खिळला आणि एकच धोशा लावून बसला, "तो थोरला सुटतो का रे?" आठ वर्षांच्या बुवांना ते बघवेना. "सुटतो! मी मित्राकडे बघितलं. धाकटा त्याच्यावर मंतरलेलं पाणी ओततो आणि तो डोळे उघडतो." शुद्ध थाप होती. पण दादा त्या दिवशी पोटभर जेवला.

तर शुक्रवारी, फायलींच्या रॅकमागे डबा उघडून, बुवांनी मोबाइलवर खरा शेवट लावला. तलवार मोडते. जादूगार तटाखाली येऊन उभा राहतो. धाकटा तटावरच्या पुतळ्याला, म्हणजे सख्ख्या भावाला, खाली लोटतो. जादूगार ठार, भावाचे तुकडे. धाकटा राजा होतो, तुताऱ्या वाजतात, समाप्त.

बुवांनी डबा तसाच बंद केला. हे दाखवायचं? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी?

कचेरीत चुकीची नोंद खोडत नाहीत, तिच्यावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवतात. बुवांनी तेच करायचं ठरवलं. सिनेमा आयत्या वेळी थांबवायचा आणि पुढे आपण स्वतः काढलेला शेवट लावायचा.

"म्हणजे मी काय करायचं?" बायकोने विचारलं.

"तू धाकटा राजपुत्र. पाठमोरी. रेनकोट घाल आणि ही पडद्याची दांडी धर. मी दगड."

"दगड कसले तुम्ही होणार?"

छताच्या दुरुस्तीतून उरलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस होतं. बायको म्हणाली, भुवयांना आधी तेल लावा. बुवा म्हणाले, दगडाला तेलकट चमक येते, दादाला लगेच कळेल. मग फोन वॉशिंग मशीनवर उभा केला, बुवा बाथरूममध्ये छाती काढून उभे राहिले, राजपुत्राने तांब्याभर पाणी ओतलं आणि दगडाने डोळे उघडले. शॉट उत्तम झाला. तोंडाला लावलेलं प्लास्टर मात्र तोवर पक्कं झालं होतं. ते निघालं ते दोन्ही भुवया सोबत घेऊनच. उरलेलं मोरीत ओतलं, तर मोरी तुंबली.

रविवारी भेटीच्या वेळेत दादाने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. नाकात नळी होती, ओठ निळसर पडले होते.

"तुझ्या तोंडावरचं काहीतरी गेलंय."

"झोप झाली नाही."

सिनेमा सुरू झाला. ड्रॅगनच्या पोटाची चेन दिसत होती. किल्ल्याची भिंत वाऱ्याने हलत होती. दादाला सगळे संवाद पाठ होते. त्याला हसताना धाप लागली, नर्स रागावली, तरी तो हसायचा थांबेना. बुवांना वाटलं, सिनेमा इथेच अडकावा आणि सोमवार उजाडूच नये.

जादूगाराने काठी उगारली. बुवांनी हळूच चिठ्ठी चिकटवली. म्हणजे, दुसरा व्हिडिओ लावला.

दादा शांतपणे बघत राहिला. मग म्हणाला, "काळ्या किल्ल्यात आपली निळी बादली कशी आली?"

बुवांनी व्हिडिओ थांबवला.

"अरे, शेवट मी कधीच बघितलाय. एकोणीस वर्षांचा होतो. पहिल्या पाळीला दांडी मारून थिएटरात गेलो होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझा शेवट बरा होता. पण उद्यासाठी मला खरा हवाय. लाव."

बुवांनी मान खाली घालून लावला. "आता बघ," दादा म्हणाला. "धाकट्याचा हात लागायच्या आधीच तो कलतो. आपणहून."

खरंच होतं. हात वीतभर लांब होता आणि पुतळा निघाला होता.

"दोरी ओढणाऱ्याने घाई केली असेल," बुवा कसेबसे म्हणाले.

"असेल. मला भीती वाटतेय रे. त्या थोरल्याला वाटत नव्हती, ते एकदा बघायचं होतं."

बुवा रडले. (भुवया नसल्या की रडणाऱ्या माणसाकडे बघवत नाही.)

सोमवारी सकाळी संमतिपत्रावर नातेवाइकाची सही हवी होती. बायको घरी तुंबलेल्या मोरीपाशी प्लंबरची वाट बघत होती. खिडकीतल्या कारकुनाने बुवांचं ओळखपत्र घेतलं. कार्डाकडे पाहिलं, बुवांकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं.

"फोटो जुळत नाही."

सव्वीस वर्षांत या वाक्यावर लोकांनी दिलेल्या उत्तरांपैकी बुवांना एकही आठवेना.

"सही करू द्या त्याला," मागच्या स्ट्रेचरवरून दादा म्हणाला. "भाऊ आहे माझा."

"कशावरून?"

"जन्मला तेव्हाही त्याला भुवया नव्हत्या. मी बघितलंय."

कारकुनाने शिक्का मारला. बुवांनी सही केली, पण तीही कार्डावरच्या सहीशी जुळली नसती. त्यांनी स्ट्रेचर धरायला हात पुढे केला. तो पोचायच्या आधीच स्ट्रेचर निघालं. दादाने मान वळवून पाहिलं. दार बंद झालं.

बुवा हात तसाच पुढे धरून त्या दाराकडे बघत राहिले.

"अहो," कारकून खिडकीतून ओरडला, "पुतळ्यासारखे उभे काय राहताय? मागे रांग आहे."