स्थळ क्रमांक सोळा : मावशी

आयुष्य मर्यादित आहे आणि प्रेक्षणीय स्थळं मात्र वाढतच चालली आहेत, ही मानवजातीपुढची मूळ अडचण होय. पूर्वीचे लोक यावर एखाद्या गावात महिनाभर राहण्याचा अडाणी उपाय करत. महिन्याअखेरीस त्यांना दोन गल्ल्या, एक पाणवठा आणि चार माणसं माहीत झालेली असत, आणि एवढ्यालाच ते गाव पाहिलं असं म्हणत. आता शास्त्र पुढे गेलं आहे. दीड दिवसात एकवीस स्थळं होतात.

हा आकडा या गोष्टीतल्या बाईच्या नवऱ्याचा. तो बसआगाराच्या वेळापत्रक विभागात आहे. (त्या आगारातून बस वेळेवर सुटल्याचं कुणी पाहिलेलं नाही, वेळापत्रकाच्या सुबकपणाला त्याने बाधा आलेली नाही.) त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या हेडक्लार्कने गेल्या वर्षी हेच शहर दोन दिवसांत उरकलं होतं. स्थळं एकोणीस, तीही गुडघा दुखत असताना. तेव्हापासून नवऱ्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. वर्षभर खपून त्याने वीस स्थळं बसवली आणि तिथे घोडं अडलं.

तेव्हा तीच म्हणाली, "अहो, मावशीही तिथेच राहते."

आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्यानंतरच्या वेण्या, गृहपाठ, गोवर आणि लग्न, सगळं या मावशीने पार पाडलं. आता मावशीला प्रवास झेपत नाही, म्हणून चौदा महिन्यांच्या नातीला, बबडीला, तिने अजून पाहिलेलं नव्हतं. दर रविवारी फोनवर एकच चौकशी असे.

"डोळे कुणावर गेलेत गं? फोटोत मेलं काही कळत नाही. तुझ्या आईवर गेलेत का?"

"तूच बघून सांग," ती म्हणायची. आईचे डोळे तिला आठवत नव्हते. हे तिने मावशीला कधी सांगितलं नव्हतं.

नवऱ्याने बोटांवर हिशेब केला. "एकवीस होतात!" तो म्हणाला, आणि मावशीची नोंद झाली : स्थळ क्रमांक सोळा, रविवार, दुपारी एक ते पावणेदोन.

सर्व स्थळांचे तीन वर्ग पाडण्यात आले होते. (अ) उतरून पाहण्याची, (ब) गाडीतून पाहण्याची, आणि (क) पाहिल्यासारखी. वर्ग क मध्ये चालत्या गाडीतून फोटो काढायचा आणि स्थळ नंतर फोटोत पाहायचं. (नंतर म्हणजे केव्हा, हे अद्याप ठरलेलं नाही.) बबडीचीही आबाळ केलेली नव्हती. दूध : दोनदा, प्रत्येकी नऊ मिनिटे. शी : एकदा, स्थळ चार व पाच यांच्या दरम्यान. रडणे : शिल्लक वेळेतून. झोपेने मात्र पेच टाकला, कारण झोपलेल्या माणसाच्या नावावर स्थळ धरता येत नाही, मग ते माणूस केवढंही असो. नवऱ्याने तोडगा काढला : झोप सोळाव्या स्थळी.

"तिथे बघण्यासारखं काय आहे?"

"अहो, मावशीला हिला बघायचंय."

"मग बघू दे की. झोपलेलं मूल उलट नीट बघता येतं. हलत नाही."



शनिवारचा अर्धा दिवस दृष्ट लागण्यासारखा गेला. संग्रहालयाची एकतीस दालनं सतरा मिनिटांत झाली, म्हणजे दर दालनाला तेहतीस सेकंद, त्यातच दार शोधणं आलं. वेधशाळेत दिवसा तारे नसल्यामुळे चार मिनिटं वाचली. जुन्या पुलावर नवऱ्याने दोघींना कठड्याशी उभं केलं, बबडीचं टोपरं सरळ केलं, "हसा" म्हणाला. दोघी हसल्या तेव्हा तो गाडीचं दार उघडत होता.

रविवारी सकाळी दैव फिरलं. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी रांग होती. अकरा मिनिटं गेली, ती कुठून तरी भरून काढणं भाग होतं. अशा वेळी नियोजनशास्त्राचं एक थोर तत्त्व उपयोगी पडतं : इमारती समजून घेत नाहीत, माणसं घेतात. मावशी पंचेचाळीसवरून चौतीस मिनिटांवर आली. काचेच्या कारखान्यात बबडीने तरतूद नसताना दुसऱ्यांदा शी केली. मावशी वीसवर आली. पुढे रस्ता खणलेला निघाला. मावशी आठवर आली.

"अहो, सगळं मावशीच्याच वाट्यातून का कापताय?"

"तळं सहाला बंद होतं. राजवाडा पाचला. मावशीला बंद होण्याची वेळ आहे का?"

(वय अठ्ठ्याहत्तर. वेळ दारावर लावलेली नव्हती.)

गाडी भाड्याची होती, ड्रायव्हरसकट. त्याने आरशातून मागे पाहिलं. "साहेब, एक बोलू?"

"बोला."

"डावीकडे जुनं न्यायालय होतं. गेलं."

नवऱ्याने मागच्या काचेतून त्याचा फोटो घेतला.

मावशी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि इमारतीला लिफ्ट नाही. चढउतारातच सहा मिनिटं जाणार, उरतात दोन. तेव्हा नवऱ्याने फोन करून मावशीलाच खाली बोलावलं.

"येते हो जावईबापू, निघालेच," मावशी म्हणाली. तेव्हा साडेबारा वाजले होते. निघालेच म्हणजे तिच्या गुडघ्यांच्या हिशेबाने पंचवीस मिनिटं.

गाडी पोचली तेव्हा मावशी फाटकापाशी वॉचमनच्या खुर्चीवर बसली होती. अंगावर ठेवणीतली शाल, मांडीवर खाऊचा डबा, छातीचा भाता अजून चाललेला. बबडी गाढ झोपली होती. साऱ्या वेळापत्रकात ही एकच बाब मिनिटाला मिनिट पाळली गेली.

मावशी काचेशी वाकली. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"झोपलीय होय? नको, नको, उठवू नकोस गं." मग ती मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत राहिली. "पापण्या लांब आहेत हो," ती म्हणाली. जेवढं मिळालं तेवढं तिने घेतलं.

"चला, झालं?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या घड्याळात तीन मिनिटं शिल्लक होती, ती तळ्याला देता येणार होती.

तिने दार उघडलं आणि झोपलेली बबडी खांद्यावर घेऊन ती खाली उतरली.

"तुम्ही या जाऊन. ही उठेपर्यंत आम्ही इथेच."

"अगं, अजून पाच राहिलीत! तुझी सोळावरच अडकतील!"

"पंधरा," ती म्हणाली. "सोळावं अजून बघायचंय."

ड्रायव्हरने कुणी न सांगता मागची डिकी उघडून दुधाच्या बाटल्यांची पिशवी तिच्या हातात दिली.

तीन जिने चढायला बावीस मिनिटं लागली, कारण प्रत्येक वळणावर मावशी धाप लागल्याचं लपवण्यासाठी शेजाऱ्यांची माहिती सांगत होती. बबडी पावणेतीनला उठली. मावशीने तिला खिडकीच्या उजेडात नेलं, हनुवटी धरली, बराच वेळ पाहिलं.

"नाहीत गं, तिच्यावर नाहीत," ती म्हणाली. "कुणावरच नाहीत. स्वतःचे घेऊन आलीय बया."

बबडीची आई तिच्या पायातला मोजा सारखा करत राहिली. मग खाली मान घालूनच तिने विचारलं, "मावशी, आईचे कसे होते गं?"

"म्हणजे? तुला आठवत नाहीत?"

"नाही."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. गोवराच्या तापापासून लग्नाच्या दिवसापर्यंत जसं पाहत आली होती तसंच.

"मग बस इथे," ती म्हणाली.

या एका बाबीला एक तास चाळीस मिनिटं लागली. डोळे दोन, म्हणजे दर डोळ्यामागे पन्नास मिनिटं. एवढ्या वेळात संग्रहालय जवळपास सहा वेळा पाहून झालं असतं. जाणकारांच्या मते नियोजनाच्या अभावी माणसं कोणत्या थराला जातात, याचं हे ढळढळीत उदाहरण आहे.

नवऱ्याने एकवीस पुरी केली. हेडक्लार्कने आगारात जाहीरपणे त्याचा हात हातात घेतला आणि पुढच्या वर्षी बावीस करण्याचा विडा उचलला. वेळापत्रकाला इतकी मागणी आली की त्याच्या छापील प्रती काढाव्या लागल्या. सुधारित आवृत्तीत सोळावी ओळ कोरी सोडली आहे. तिथे ज्याने त्याने आपापली मावशी, आत्या, थोरला भाऊ, जुन्या शाळेतल्या बाई, त्या शहरात जे कुणी वाट पाहत असेल ते भरायचं आहे. पुढचा मिनिटांचा रकाना एकआकडी संख्या मावेल एवढाच आखला आहे. तो अपुरा पडतो अशी तक्रार आजवर एकाही कुटुंबाकडून आलेली नाही.

वाचकांना एवढीच सूचना, की नाव भरण्याआधी ते माणूस अजून आहे ना, याची फोन करून खात्री करून घ्यावी. परवा तिघांची प्रत्येकी आठ मिनिटं फुकट गेली.