आपांची चुन्याची रेघ

आमच्या गावात दोन माणसं वाटेत भेटली की “खंय चललंस?” असं विचारायची रीत आहे. उत्तर कोणालाच नको असतं, पण विचारलं नाही तर राग येतो. आपा धुरी मात्र हा प्रश्न कधी विचारीत नसत. ते विचारीत, “तुझो ब्रेक कसो आसा?”

हे ते सायकलवाल्याला विचारीत, बैलगाडीवाल्याला विचारीत. एकदा कळशी घेऊन पायऱ्यांची घाटी उतरणाऱ्या माझ्या बायकोलाही त्यांनी हेच विचारलं. ती त्यांच्याशी पुढे कितीतरी दिवस बोलली नाही. शेजारच्या गोठ्यातला पाडा दावं तोडून सुटला आणि थेट माझ्या वालीच्या मांडवात घुसला, तेव्हा मी काठी शोधत होतो आणि आपा कुंपणावर हात टेकून म्हणत होते, “पिकप झकास. ब्रेक शून्य.”

आपा आयुष्यभर मुंबईत एका गॅरेजात मेस्त्री होते. तिथे साहेब लोकांच्या शर्यतीच्या गाड्या दुरुस्तीला येत. गाडी दुरुस्त झाली की ती एका ओसाड धावपट्टीवर नेऊन पळवून बघायची, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे थांबवून बघायची. हे काम आपांचं. तिथून ते गावी आले ते पायाला भिंगरी लावूनच. स्वस्थ बसणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. जेवताना एक गुडघा हलत असे. माझ्या ओटीवर चहा घ्यायला आले तरी कपबशी हातात धरून अंगणात येरझाऱ्या. बघणाऱ्याचीच दमछाक व्हायची.

गोवा मोकळा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी आपा एक गाडी घेऊन आले. पेडण्याकडच्या कोणा भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, पोर्तुगालला जाताना टाकून दिलेली. तांबडी, दोनच माणसांची, टप नाही, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की आत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं बसायचं. गाव लोटला. कोणी म्हणालं, हिच्यात नारळ किती मावतील? कोणी म्हणालं, भात तरी येईल का? आपा कोणाकडे बघत नव्हते. ते दारात उभ्या असलेल्या वयनींकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे बघत होते.

“बस गो,” ते म्हणाले.

वयनींनी हात पदराला पुसले. “थांबता काय ती?”

“थांबता म्हणजे? मेस्त्री कोण आसा?”

“आधी थांबवून दाखवा. मगे बघूया,” एवढं बोलून त्या आत गेल्या.

तेव्हापासून आपांची परीक्षा सुरू झाली आणि माझ्या नशिबी ती आली, कारण गावात सेकंदकाट्याचं घड्याळ माझ्याच मनगटावर होतं. मी शाळामास्तर. परीक्षा घेणं माझा धंदा, पण अशी परीक्षा मी बापजन्मात पाहिली नव्हती.

गावाबाहेर सडा आहे. कातळाचा उघडा माळ, आणि त्याच्यावरून सरळसोट रस्ता. तिथे आपांनी रस्त्याच्या आडवी चुन्याची रेघ मारली आणि ती लांबून दिसावी म्हणून कडेला एक धोंडा उभा करून त्यालाही चुना फासला. गाडी उभी असताना सुरू करायची, वेगाचा काटा साठावर जाईपर्यंत किती वेळ लागतो ते मी बघायचं. मग रेघेवर चाक आलं की ब्रेक, आणि रेघेपासून गाडी कुठवर गेली ते सुंभाच्या दोरीने मोजायचं. बरं, एकदा करून भागत नसे. समुद्राकडून वारा येतो, तो गाडीला ढकलतो, म्हणून तितक्याच वेळा उलट दिशेने. गाडीच्या काट्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. “काटो बढाया मारता,” असं म्हणून त्यांनी मैलाच्या दोन दगडांमध्ये गाडी पळवून, माझ्या घड्याळावरून तो काटा किती खोटं बोलतो तेही काढलं.

हे सगळं होताना मी त्यांच्या शेजारी, गाडीत. एकदा मी धीर करून म्हटलं, “आपा, जोरात पळते हे कळलं की. मग थांबवण्याचाच एवढा ध्यास कशाला?”

“मास्तरांनू, ब्रेकचो भरवसो आसात, तरच पायात जोर येता,” ते म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. “ज्येका थांबाक येना नाय, तो जल्मात धावाचो नाय. भियान भियान जातलो.”

पहिल्या परीक्षेला त्यांनी भिकू गावकाराला बोलावलं होतं. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय विहिरीचा रहाटसुद्धा बसवत नाहीत, मग ही तर मोटार. भिकूने धोंड्यापाशी नारळ ठेवला आणि डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या आपा धुऱ्यान जो मोटारीचो घाट घातलेलो आसा...”

“व्हय म्हाराजा,” आम्ही.

“ती सुटात तर नीट सुटांदे, आणि सुटली काय थांबांदे रे म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा.”

“मास्तरांका सुखरूप पोराबाळांत परत हाड रे म्हाराजा.”

इथे माझा आवाज सगळ्यांत मोठा निघाला.

नारळ फुटला आणि तिथेच घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी बाजाराला जाणाऱ्या बैलगाडीवाल्याने बघितलं, रस्त्यात पांढरी रेघ, कडेला चुना फासलेला धोंडा, पुढ्यात नारळाची भकलं. राखणदाराची, म्हणजे वाट राखणाऱ्या देवाची जागा असणार, दुसरं काय? त्याने बैल थांबवले, हात जोडले आणि मग पुढे गेला. त्याच्यामागचाही थांबला. महिन्याभरात धोंड्यावर कुंकू चढलं, तांबडी फुलं आली, कोणी मागे अबोलीचं रोप लावलं. मालवणची बस तिथे थांबू लागली. ड्रायव्हर खाली उतरून विडा ठेवी आणि उतारू डोळे मिटत.

आपा पिसाळले. “माझी रेघ ती! मी मारलंय!” ते बसच्या ड्रायव्हरला सांगत होते.

“तुमच्याकडसून देवान मारून घेतल्यान,” ड्रायव्हर शांतपणे म्हणाला आणि पुढे गेला.

शेवटी आपांनी मुकाट्याने रेघेवरच्या करवंट्या उचलायच्या आणि मगच परीक्षा घ्यायची असं चालू झालं. मी कंटाळलो होतो. मी त्यांना तसं सांगणारही होतो.

त्या दिवशी सकाळी आम्ही सड्यावर होतो. एक फेरी झाली होती. ब्रेक तापले की खोटं बोलतात, म्हणून ते निवेपर्यंत थांबायचं असा आपांचा नियम. मी धोंड्याशेजारी बसलो होतो आणि ते गाडीभोवती गोल गोल फिरत होते. तेवढ्यात पायवाटेने वयनी आल्या. हातात फुलांची परडी. त्यासुद्धा धोंड्याला फुलं वाहायला आलेल्या. मला हसू आवरेना.

“वयनीनू, तुम्हीसुद्धा? अहो, हा तुमच्याच नवऱ्याचा धोंडा.”

“माका ठावक आसा,” त्या फुलं वाहत म्हणाल्या. “थांबवणारो देव आसा मा? मगे तेकाच सांगाक व्हया.”

मग माझ्याशेजारी टेकल्या आणि हळू आवाजात बोलू लागल्या. आपांचं डोकं एव्हाना बॉनेटखाली गेलं होतं.

“माझा म्हायार पेडण्याक. जल्म दिलेली आवस आजारी म्हणान सांगावो इलो, तेवा थंय फिरंगी होते. हद्दीवरचो नाको दीस बुडता बुडता बंद करीत. हे मुंबयसून इले, भाड्याची मोटार केली. मोटार बरी होती हो. पण तिचो ब्रेक लागा नाय. ड्रायव्हर भियालेलो. इन्सुलीचो उतार तेणा पावला पावलान उतरवल्यान. पुढे प्रत्येक घाटयेर तसाच. हे तेच्या पायांकडे बघीत रवले. आमी नाक्यार पोचलंव, तेवा रस्त्यार आडवो घालूचो आडणो पडलो तो आमच्या डोळ्यांदेखत. सकाळी उघडलो. पण तवसर आवस गेली.”

त्या थांबल्या. इतके महिने आपांच्या ब्रेकच्या भरवशाच्या ज्या वाक्याला मी मेस्त्रीचं शहाणपण समजत होतो, ते वाक्य माझ्या कानात पुन्हा वाजलं आणि मला भयंकर वाईट वाटलं.

“तेंका मी कधी एक शब्द बोलाक नाय,” त्या म्हणाल्या. “पण तेवापासून हो माणूस बसलेलो मी बघूक नाय.”

आपांचं डोकं बॉनेटखालून काही केल्या बाहेर येईना. ब्रेक तर केव्हाच निवले असतील.

वयनी उठल्या. गाडीचं दार कुठून उघडतं ते त्यांना सापडेना, म्हणून मी उघडलं. पदर खोचून त्या आत बसल्या. “मास्तरांनू, आज तुमका सुटी,” त्या म्हणाल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, “आयकलास? पेडण्याक जावया. आवस नाय, पण भावाचा घर आसा. तुळस तिनाच लायलेली आसा.”

आपांनी बॉनेट लावलं. तोंड पुसलं ते तेलकट फडक्याने, त्यामुळे गालावर काळा पट्टा उमटला. तसेच ते स्टिअरिंगमागे बसले. मी सवयीने मनगट वर धरलं, पण सेकंदकाटा बघायचा राहूनच गेला, कारण गाडी जागची हलली कधी ते मला कळलंच नाही. इतकी अलगद त्यांनी ती कधी काढली नव्हती. पुढे सड्यावर मात्र तिने वेग घेतला आणि वयनींचा पदर वाऱ्यावर उडताना लांबपर्यंत दिसत राहिला.

चार दिवसांनी ती दोघं परत आली. आपा माझ्या ओटीवर आले, बाकावर बसले आणि सबंध चहा त्यांनी बसून प्याला. मागोमाग वयनीही आल्या. वयनींनीच सांगितलं.

“नाक्यार आता कोण अडवणा नाय. आडणो वरच बांधून ठेवलेलो आसा. तरी ह्यांनी थंय गाडी उभी केली. माका वाटला, परत ब्रेक बघतत. तर माका खाली उतरवल्यानी, हात धरून मावळतीक तोंड करून उभी केल्यानी आणि म्हणाले, ‘बघ गो, अजून ऊन आसा.’”