वायूचा नळ बंद जाहला त्याची हकिकत

श्री. जो भूमीच्या पोटात तेल आणि वायू साठवितो, आणि तो कोणी कोणास विकावा याचे ज्यास सुखदुःख नाही, त्या जगन्नियंत्यास दंडवत घालून आरंभ केला. शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लव नाम संवत्सरे, माघ वद्य अष्टमीचे दिवशी आपले उत्तरेकडील राज्याने शेजारील राज्यावर फौज घातली. पुढे बंदी आली. त्यामुळे आपले तेलवायूचे व्यापारास नफा जाहला की नुकसान, ऐसे स्वामींनी पुसिले. त्याजवरून सेवकाने लिहावयास घेतले आणि तीन वेळा लिहिले आणि तीन वेळा खोडले, कारण सेवकास स्वतःसच काही उमगले नाही. घडले ते लिहितो, अर्थ स्वामींनी लावावा.

फौज चालून गेली आणि पश्चिमेकडील संस्थानिक एकत्र मिळून बहुत कोपायमान जाहले आणि बोलिले, 'यांचे तेल घेणार नाही, यांची जहाजे बंदरात येऊ देणार नाही.' आणि त्याच तोंडाने पुसते जाहले की, यंदा थंडी फार, वायू वेळेवर येईल ना? आता वायूचा नळ आपले राज्यातून निघून शत्रूचेच राज्यातून पश्चिमेस जातो. सेवकास वाटले, नळ आज ना उद्या कोणीतरी फोडणार. तर तसे नाही. वर तोफा चालल्या आणि खाली वायू चालला, आणि वायू जाऊ देण्याची जकात शत्रू घेत राहिला आणि आपले सरकार देत राहिले. मग सेवकाने मुत्सद्द्यांस पुसिले की, त्या जकातीचा दारूगोळा आपलेच अंगावर येत नाही कशावरून? ते म्हणाले, 'करार आहे.' सेवकास ते पटले नाही.

सीमेवर नळचौकी आहे, तेथील नळदार तिमाजी, आणि सीमेपलीकडील चौकीवर शत्रूचा नळदार सिधोजी. रोज सकाळी सात वाजता दोघांनी तारेवर बोलून नळातील दाब एकमेकांस सांगावा आणि आकडा जुळला की कामास लागावे, ऐसा वीस वर्षांचा रिवाज. युद्धात टपाल बंद जाहले, इतर सर्व तारा तुटल्या, ही एकच तार राहिली. सेवकास हुकूम जाहला की, तिमाजीजवळ बसून ऐकावे आणि दाबाखेरीज अक्षर निघाल्यास फितुरी म्हणून कळवावे. सेवक जाऊन बसला, आणि पहिल्याच सकाळी तारेतून आवाज आला, 'तिमाजी, दाब बावन्न.'

'बावन्न बरोबर. सिधोजी, आमची सगुणा कशी आहे रे?'

'बरी आहे. काल सगळे तळघरात होते. सकाळी दोन घास खाल्ले तिनं.'

सगुणा ही तिमाजीची एकुलती लेक, सिधोजीचे गावी दिलेली. सेवकाने लेखणी उचलली आणि तिमाजीचे तोंडाकडे पाहिले आणि लेखणी खाली ठेवली. का ठेवली, हे आजतागायत सांगता येत नाही. भित्रा म्हणावे तर भित्र्याने लिहिले असते. मग रोज तसेच चालले. एके दिवशी तर हुजुरास जाणारे पत्रात चुकून 'दाब एक्कावन्न, लेक सुखरूप' ऐसे लिहिले गेले आणि सेवकाची झोप उडाली. चौथे दिवशी उत्तर आले, 'दाब एकाने कमी का? बाकी ठीक.'

ऐसी सुमारे तीन वर्षे गेली आणि शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, पौषमासी करार सरला, आणि शत्रू म्हणाला, 'नवा करणार नाही.' तेव्हा सगुणेस नववा सरत आला होता आणि तिमाजीचे चित्त थाऱ्यावर नव्हते. शेवटले सकाळी सिधोजी बोलिला, 'तिमाजी, दाब उतरतोय. बारा.'

'बारा बरोबर. पोरीचं काय?'

'पहाटेपासून कळा सुरू आहेत. सुईण म्हणते, अवघड आहे जरा.'

'मग तासभर थांब की! तासाभरानं बंद केलास तर कोणाचं काय बिघडतं?'

'माझ्या हातात असतं तर थांबलो नसतो का?' आणि मग काही वेळाने, 'तिमाजी, दाब शून्य.'

आणि तारही मुकी जाहली, कारण दाब नाही तर बोलण्यास सबब नाही. मग शत्रूने नळ बंद केला म्हणून साखर वाटली, आणि आपले दरबारात जकातीची पीडा टळली म्हणून नगारे वाजले. दोघेही जिंकले. पश्चिमेकडील एक लहानसा परगणा, जो कोणाचे घेण्यादेण्यात नव्हता, तो मात्र थंडीने कुडकुडत बसला. तिमाजी मुकी तार कानाशी धरून उभा राहिला, ती सेवकाने त्याचे हातातून सोडविली.

पुढे स्वामींनी सेवकास बंदरावर तेलाचा शोध घेण्यास धाडिले. तेथील कारभारी म्हणाला, 'बंदी आहे ना, म्हणून जहाज इथून एका नावानं निघतं, वाटेत दुसरं नाव रंगवतं, आणि भर समुद्रात तेल तिसऱ्याच जहाजात ओततं. मग दक्षिणेकडल्या राज्यात त्याचं डिझेल होतं आणि ते पश्चिमेला जातं.'

'ज्यांनी बंदी घातली त्यांच्याकडेच?'

'तिथून थोडं शत्रूकडेही. त्यांच्या गाड्या चालतात त्यावर.'

'म्हणजे आपलंच तेल?'

'आता ते आपलं कुठं राहिलं?'

चौकीवर परतून सेवकाने हे सर्व तिमाजीस सांगितले. नळ कोरडा, तरी तिमाजी नळ उघडण्याचे चाकांस वंगण लावीत होता. हातचे काम टाकून त्याने पुसिले, 'म्हणजे सिधोजीच्या गावापर्यंत पोचतं?'

'पोचत असेल.'

'मग त्याच्याबरोबर माझी एवढी चिठ्ठी नाही का पोचायची?'

सेवकाने चिठ्ठी घेतली.

तात्पर्य, व्यापार बुडाला म्हणावे तर तेल सर्वत्र पोचते, आणि चालला म्हणावे तर नळ कोरडा पडला आहे, याहून अधिक सेवकास कळत नाही. लेकीची बोलणी ऐकून लपविली, त्याची शिक्षा भोगीन. चिठ्ठीत पोर वाचली का, इतकेच पुसिले आहे. स्वामींचे जे जहाज तिकडचे वाटेस लागले असेल, त्याचे आजचे नाव काय, तेवढे कृपा करून कळवावे.