नगराळे काकांचा जहाजावरचा कोट

आमच्या ले-आऊटमध्ये एकदा साप निघाला. उन्हाळ्याची संध्याकाळ होती आणि सगळे पुरुष बनियन-बर्म्युड्यावर आपापलं अंगण शिंपत उभे होते. साप नगराळे काकांच्या कुंड्यांमागे होता. कोणीतरी सर्पमित्राला फोन लावला, आम्ही बाया गच्च्यांवर चढलो, आणि काका घरात गेले. आम्हाला वाटलं, काठी आणायला गेले असतील. पाचेक मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा त्यांनी इस्त्रीचा शर्ट पॅन्टमध्ये खोचलेला होता, पट्टा लावला होता, पायात काळे बूट होते आणि केसांना पाणी लावून भांग पाडलेला होता.

"काका, हे काय?" मी वरून विचारलं.

"सर्पमित्र येऊन राह्यला न मॅडम. परका माणूस. पहिल्यांदा येते आपल्या घरी."

तोवर साप नालीतून निघून गेला होता. काकांनी सर्पमित्राशी हात मिळवला, त्याला चहा पाजला आणि फाटकापर्यंत पोचवायला गेले.

नगराळे काका बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात शिकवते, म्हणून वयानं त्यांच्या मुलीएवढी असूनही ते मला 'मॅडम' म्हणतात. त्यांना कुठंही बोलवा, त्यांचा पहिला प्रश्न असतो, "प्रसंग काय आहे?" प्रसंग कळल्याशिवाय त्यांना कपाट उघडता येत नाही. सिलिंडर घ्यायला अर्ध्या बाहीचा शर्ट, बँकेत जायला पूर्ण बाहीचा, तहसीलमध्ये जायचं तर मे महिन्यातसुद्धा कोट. मुलीशी व्हिडिओ कॉल असला तर शर्टाबरोबर पॅन्टही इस्त्रीची आणि पायात बूट. एकदा मी म्हटलं, काका, पाय कुठे दिसतात त्यात? तर म्हणाले, "मोबाइल हातातून पडला तं?"

नोकरीत असताना गिरडच्या टेकडीजवळ रस्त्याचं काम होतं. काका टाय लावून गिट्टीच्या ढिगाशी उभे. नव्या मुकादमानं त्यांना मंत्र्यांसोबतचा माणूस समजून हार आणायला माणूस पिटाळला. हार येईपर्यंत काकांनी त्याच्या डांबराची जाडी मोजून काम थांबवलं होतं.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. काकांनी हॉलमधल्या भिंतीवरच्या निळ्या सुटातल्या फोटोकडे पाहिलं. "आमच्या बाबानं या फोटोसमोर उभं करून मले शाळेत धाडलं, मॅडम. बाबाच्या अंगावर धड सदरा नव्हता. पण माह्या शर्टाची बटन तुटलेली नाई पायजे, हे त्यायले समजत होतं." एवढं बोलून ते चपलांना ब्रश मारायला लागले. होय, ते चपलांनाही ब्रश मारतात.

काकू, म्हणजे शोभाकाकू, या सगळ्याला कंटाळलेल्या आणि सरावलेल्या. मोकळ्या स्वभावाच्या, आवाज मोठा, लग्नाकार्यात सगळ्यांच्या आधी हजर. पण मागच्या वर्षी त्यांना कॅन्सर निघाला. सावंगीच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, मग केमो. डॉक्टर म्हणाले, सगळं व्यवस्थित पार पडलं. काकू मात्र बाहेर पडेनाशा झाल्या. डोक्याला रुमाल, खांद्यावरून पदर असा लपेटलेला की फक्त चेहरा दिसावा. कोणाकडे बारसं असो की लग्न, "तुम्हीच जाऊन येजा" असं म्हणून काकांना पाठवायच्या. माझ्याकडे यायच्या त्याही मागच्या दारानं. केस परत येत होते, अगदी बारीक, पण ते त्यांनी कोणाला दाखवले नव्हते.

अशात त्यांच्या मुलीनं, प्रज्ञानं, पुण्याहून आईबाबांसाठी जहाजाची सहल ठरवली. मुंबईहून निघायचं, समुद्रात फिरायचं, परत यायचं. आईला हवापालट होईल हा तिचा हेतू. काकू म्हणाल्या, मी नाही येत. काका मोबाइल घेऊन माझ्याकडे आले.

"मॅडम, प्रज्ञानं जहाजवाल्याइचा निरोप पाठवला. रोज संध्याकाळचे कपडे वेगळे. पहिल्या दिवशी 'स्मार्ट कॅज्युअल'. हे समजावून सांगा. कॅज्युअल हाय तं स्मार्ट कसं, अन् स्मार्ट हाय तं कॅज्युअल काऊन म्हणायचं?"

मी म्हटलं, तुम्ही सिलिंडर घ्यायला घालता ते. त्यांना पटलं. दुसरी संध्याकाळ पांढऱ्या कपड्यांची होती. "त्याची चिंता नाई. पौर्णिमेले विहारात जातानी घालतो तेच." अडचण तिसऱ्या संध्याकाळची होती. त्या दिवशी कप्तानासोबत जेवण आणि पोशाख 'फॉर्मल'.

"फॉर्मल म्हणजे कोणतं फॉर्मल? कलेक्टर ऑफिसातलं की लग्नातलं?"

मी इंटरनेटवर फोटो दाखवले. पांढरा कोट, काळी पॅन्ट, गळ्याला काळा बो. काकांनी फोटो मोठा करून कॉलर पाहिली, खिसे पाहिले, मग म्हणाले, "जमते."

पुढचा दीड महिना ले-आऊटमध्ये दुसरा विषय नव्हता. काका मला घेऊन बाजारातल्या शिंप्याकडे गेले. पांढरा कोट म्हटल्यावर तो म्हणाला, "अॅप्रन न? सावंगीच्या पोराइचे मीच शिवतो. खाली दोन मोठे खिसे देऊन देतो, आला तुमचा सगळा सामान त्यात." काकांनी त्याला जहाज, कप्तान, संध्याकाळ असं सगळं सांगितलं. शिंप्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, नवरदेव कोण हाय?"

मग बुटांचा प्रश्न आला. जहाज हलतं, तेव्हा तळवे घसरणारे नकोत. काकांनी गच्चीवर पाणी ओतलं आणि नव्या बुटांनी येरझारा घातल्या, मध्येच एका बाजूला झुकून. समोरच्या ब्लॉकमधले लोक खुर्च्या टाकून बसले. मला खरं सांगायचं तर त्या दिवसांत त्यांचा थोडा राग यायचा. बायको एवढ्या दुखण्यातून उठलेली आणि या माणसाला बुटाच्या तळव्यांचं पडलंय.

पण एक होतं. काका जितका घोळ घालायचे तितकं काकूंना बोलावं लागायचं. आधी स्वयंपाकघरातून, मग हॉलमधून, मग जिन्यातून. "त्या पॅन्टीवर तो खाकी पट्टा नाई चालत." "अहो, मोजे पांढरे कायले घालता, शाळेत जाऊन राह्यले का?" गच्चीवरच्या बुटांच्या दिवशी तर त्या वरपर्यंत आल्या होत्या, पडाल म्हणून ओरडत. रुमाल होता डोक्याला, पण भर उजेडात, समोरचा सगळा ब्लॉक पाहत असताना उभ्या होत्या.

कोट शिवून आला आणि काकांनी जाहीर केलं की तो एकदा लोकांत घालून पाहायला पाहिजे. योगायोगानं नागपूर रोडवरच्या एका लॉनवर त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचं रिसेप्शन होतं. काकू नेहमीसारख्या नाही म्हणाल्या. काका म्हणाले, "माहा खांदा दुखते. मागचा हूक लागत नाई. तिथं बो सुटला तं कोण लावन?"

त्या दिवशी काकू मागच्या दारानं माझ्याकडे पिन मागायला आल्या. करवतकाठी नेसलेल्या, टसरची, जुनी. "खांदा दुखते म्हणे," त्या म्हणाल्या. "सकाळी पंख्याची पाती पुसत व्हते, तवा नाई दुखला. मले का समजत नाई, वंदना?" मग पदराला पिन लावत म्हणाल्या, "पण एवढं करून राह्यले तं जातो म्हणलं."

मीही गेले होते रिसेप्शनला. लॉनवर पाय ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की केटररच्या सगळ्या वाढप्यांनी पांढरे कोट घातलेत, काळ्या पॅन्टी आणि गळ्याला काळे बो. काकांच्या ते लक्षात यायच्या आत एका जाड्या गृहस्थांनी त्यांच्या हातात रिकामी ताटली दिली. "भाऊ, पनीर संपलं तिथलं. गरम आणजा."

काका ताटली घेऊन काउंटरवर गेले, पनीर वाढून घेतलं, वर कोथिंबीर घातली आणि त्या गृहस्थांना नेऊन दिलं. ते म्हणाले, "अन् दोन रोट्या." काकांनी रोट्याही आणल्या. तिसऱ्या खेपेला नवरदेवाचा बाप आडवा आला आणि साहेब, साहेब करत त्यांच्या पाया पडला. जाड्या गृहस्थांचा घास तोंडातच राहिला.

"असू द्या," काका त्यांना म्हणाले. "भूक लागली व्हती तुमाले. जेवा."

मी काकूंकडे पाहिलं. त्या खुर्चीत मागे रेलून हसत होत्या. आवाज बंद, खांदे हलताहेत, डोळ्यांतून पाणी. पदर खाली आलेला होता आणि तो वर घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं. आजारानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहत होते. काका दुरून ते बघत होते. त्यांनी आणखी एका टेबलाला पाणी नेऊन दिलं. ते कोणीही मागितलेलं नव्हतं.

आठवड्याभरानं दोघं सहलीला गेले आणि परत आले. काका लगेच अहवाल द्यायला हजर. समुद्र कसा होता, जहाज कसं होतं, याबद्दल दोन वाक्यं. बाकी सगळं लोकांच्या कपड्यांबद्दल. कप्तानाच्या जेवणाला अर्धे लोक जीन्सवर आले होते. एक जण बर्म्युड्यावर. "कप्तानाले काय वाटलं असन, मॅडम? त्यानं पूर्ण गणवेश घातला व्हता." मी विचारलं, तुमचा कोट कसा दिसला? "ठीक व्हता," म्हणाले आणि उठून गेले. फोटो एकही काढला नव्हता. प्रज्ञानं फोनवर त्याबद्दल त्यांना बरंच बोलून घेतलं होतं.

खरी हकिगत काकूंनी सांगितली, दुसऱ्या दिवशी, त्यांच्या मागच्या अंगणात मेथी निवडता निवडता.

"त्या संध्याकाळी हे कोट-बिट घालून तयार झाले. मी करवतकाठी नेसली. त्या खोलीत हा एवढा आरसा, वरतून लाइट. मी पाह्यलं अन् बसली पलंगावर. रुमालातलं माहं तोंड पाहून मलेच कसंतरी झालं. मी म्हणलं, तुम्ही जा. मी नाई येत."

"मग?"

"यांनी कोट काढला, टांगला. बो काढला. पॅन्ट काढून घडी केली. अन् बनियन-लुंगीवर येऊन माह्या बाजूला मांडी घालून बसले. वंदना, मुलगी झाली तवाबी हा माणूस दवाखान्यात टाय लावून आलता. मी म्हणलं, हे काय करून राह्यले? तं म्हणते, मलेबी त्या बुटाचा कंटाळा आला. खोलीतच वरणभात बोलावू. इथून समुद्र चांगला दिसते."

काकूंनी मेथीची काडी बाजूला टाकली.

"बसलो दोघं. समुद्र पाहत. मले लय वाईट वाटलं. मी म्हणलं, एवढा कोट शिवला तुम्ही, त्याचं काय? तं म्हणते, तुह्या तपासणीले सावंगीले घालून येईन. मी म्हणलं, तिथं पेशंट नाडी पुढं करतीन तुमच्यापुढं. तं म्हणते, पाहीन नाडी. पनीर वाढता येते तं नाडी काऊन नाई पाहता येत?" काकू हसल्या, मग पदरानं नाक पुसलं. "म्हणलं, उठा आता. घाला कपडे. अन् मीच रुमाल काढला. टसरवर तो शोभतबी नव्हता. हे उभे राह्यले तिथंच. बो लावता येईना. त्या दिवशी खरंच मीच लावून दिला."

"कोणी काही म्हणालं का? केसांबद्दल?"

"कोणीच काही नाई. एक गोरी बाई म्हणाली, छान दिसता. तिचेबी केस माह्याएवढेच व्हते, तिनं मुद्दाम कापले व्हते."

बोलता बोलता त्या उठल्या आणि मागच्या दोरीवरून काहीतरी काढून आणलं. काकांचा पांढरा कोट. उजव्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत टोमॅटोच्या सूपचा लाल डाग होता, धुऊन फिका झालेला.

"हे तिथलंच," काकू म्हणाल्या. "सूप आलं अन् यांची बाही पूर्ण वाटीत गेली. त्यायले पत्ताच नाई. माह्याकडं पाहून जेवून राह्यले. कप्तान आला, त्याच्याशी तोच हात मिळवला, तरी समजलं नाई."

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

काकूंनी बाही उलटी करून पाहिली आणि डागावर साबण चोळायला लागल्या.

"खुशीत बसले व्हते," त्या म्हणाल्या. "मी कायले सांगू?"