गाडी लीन होते तेव्हा

एकाच साक्षीदाराच्या शब्दावर विसंबणे हे मागासलेल्या समाजाचे लक्षण आहे. प्रगत समाजात कोणतीही गोष्ट दोघांनी दोन प्रकारे सांगितल्याशिवाय खरी मानत नाहीत. न्यायालयात दोन वकील असतात, दवाखान्यात दुसरं मत असतं, आणि लग्नाच्या चौकशीत तर मुलाचा शेजारी एकाने गाठायचा आणि त्याच्या ऑफिसातला चहावाला दुसऱ्याने. दोघांची उत्तरं जुळली, तर काहीतरी काळंबेरं आहे असं समजून तिसऱ्याला पाठवतात.

मोटारीच्या इंजिनाला ही सोय फार उशिरा मिळाली. आमच्या जयपुरात, निदान आमच्या गल्लीत, ती २००७ साली नीरज गावंडे या तरुणाने आणली. त्याबद्दल आमची आदर्श नगर वसाहत त्याची ऋणी आहे.

आधी शास्त्र. इंजिन हवा आणि पेट्रोल खातं, आणि आपण ज्याला धूर म्हणतो तो खरं तर त्याचा कामकाज-अहवाल असतो. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला सेन्सर तो धूर हुंगतो आणि पेट्रोलच्या एका भागामागे किती भाग हवा गेली ते सांगतो. आदर्श आकडा चौदा पूर्णांक सात. (छत्तीसपैकी अठरा गुण जुळले की हॉल बघायला निघणाऱ्या समाजाला हा दशांशाचा आग्रह जाचक वाटेल, पण इंजिनाला मामा-मावश्या नसतात.) आकडा खाली आला, म्हणजे पेट्रोल जास्त झालं, तर मिश्रण 'रिच'. अशी गाडी काळा धूर सोडते आणि पेट्रोल ढोसते. आकडा वर गेला, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, तर मिश्रण 'लीन'. अशी गाडी आतून तापते, टकटक वाजते, आणि चढावर तशीच रेटली तर तिचा पिस्टन वितळतो.

अडचण एवढीच, की 'लीन' हा शब्द मराठीत आधीपासून राहायला होता.

नीरजचे वडील शेषराव गावंडे मूळ अकोल्याचे. रेल्वेच्या बदलीने जयपुरात आले आणि डब्यांच्या दुरुस्तीखात्यातून निवृत्त होऊन इथलेच झाले. त्यांच्या लेखी लीन म्हणजे नम्र, देवापुढे वाकलेला. निवृत्तीनंतर त्यांनी एक पांढरी गाडी घेतली होती. ती रोज सकाळी गोविंददेवजींच्या दर्शनाला आणि येताना भाजी मंडीत जाई, आणि आजतागायत तिने कोणाचं मत मागितलं नव्हतं.

नीरज जन्माने जयपूरकर. सीतापुऱ्याच्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअर लिहीत असे. त्याचं मराठी घरापुरतं होतं, आणि 'मतलब' हा सेल्फ मारल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू होत नसे. त्याने इंटरनेटवर वाचलं की एका सेन्सरवर ट्यून केलेली गाडी म्हणजे एका डोळ्याने आंधळी. चार सिलिंडरांचा धूर दोन-दोनच्या जोडीने दोन पाइपांतून येतो. तेव्हा प्रत्येक पाइपाला आपापला सेन्सर हवा. त्याने अमेरिकेहून येणाऱ्या मित्राच्या बॅगेतून दोन सेन्सर, दोन मीटर आणि पेट्रोल कमी-जास्त करणारी एक डबी मागवली.

घाट गेटजवळच्या देवराम मिस्त्रीने पाइपांना भोकं पाडली. काम झाल्यावर तो म्हणाला, "दो ही क्यों, चार लगवा लो साब. पाइप तो लंबा है." असा मोकळा तांत्रिक सल्ला हल्ली दुर्मिळ झाला आहे.

दोन्ही मीटर डॅशबोर्डवर गणपतीच्या डाव्या-उजव्या अंगाला चिकटवले गेले. त्यामुळे गणपती परराज्यातून आलेल्या दोन अधिकाऱ्यांमध्ये अडकलेल्या सरपंचासारखा दिसू लागला. गाडी सुरू केली. उजवा मीटर म्हणाला, तेरा पूर्णांक चार. डावा म्हणाला, सोळा. नीरजने जाहीर केलं की राइट साइड रिच आहे आणि लेफ्ट साइड लीन.

शेषरावांचा चेहरा उजळला. आयुष्यभर सरकारी नोकरी इमानाने केलेल्या माणसाला आपल्या गाडीची निदान एक बाजू तरी लीन निघावी याचं समाधान असतं. उजव्या बाजूबद्दल मात्र त्यांना शंका आली. ही श्रीमंती आली कुठून, असं त्यांनी देवरामला विचारलंही. नीरजची आई सुलोचनाबाई यांचं मत उलट पडलं. रिच असण्यात वाईट काय, लीन राहूनच तुम्ही शेवटपर्यंत क्वार्टरात राहिलात, असं त्या म्हणाल्या. नीरजने 'मतलब' म्हणून खुलासा सुरू केला. पण तोपर्यंत दोन्ही पक्षांच्या भूमिका ठरल्या होत्या, आणि भूमिका ठरल्यावर खुलासा ऐकण्याची आपल्यात पद्धत नाही.

आता दोन मीटर दोन आकडे सांगत असतील तर काय करावं? सेन्सरबरोबरच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की फरक कुठून येतो ते शोधावं. कारण फरक कळावा म्हणूनच दोन सेन्सर बसवतात. (ते माहितीपत्रक वाहनाबरोबर आलेल्या सगळ्या माहितीपत्रकांप्रमाणे डिकीत, स्टेपनीच्या खाली होतं.) नीरजने कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याला शोभेल असा मार्ग काढला. त्याने सरासरी काढली. सोळा आणि तेरा पूर्णांक चार यांची सरासरी येते बरोबर चौदा पूर्णांक सात. त्याने तीनदा ताडून पाहिलं. आदर्श. दोन सिलिंडर उपाशी आणि दोन अजीर्णाने हैराण, पण इंजिन एकूण तृप्त. शेजारच्या गल्लीत तीन तास पाणी येतं आणि आमच्याकडे येतच नाही, तेव्हा वॉर्डाला दीड तास पाणीपुरवठा होतो, तसंच हे.

इथवर हे सगळं कौतुकाचंच होतं. पण सुलोचनाबाईंनी त्याच गाडीला एक जबाबदारी दिली.

नागपूरचे मनोहरराव देव, त्यांची पत्नी सुधाताई आणि मुलगी मैथिली मुलगा पाहायला जयपूरला येणार होते. मैथिली पुण्याला एका कंपनीत हिशेबाचं काम करत होती. गेल्या दोन वर्षांत सुलोचनाबाईंनी नीरजसाठी पाहिलेल्या स्थळांपैकी मुलाला मराठी अडखळत येतं हे समजूनही जयपूरची गाडी पकडणारं हे पहिलंच. यंदा जमलंच पाहिजे, असं त्यांनी घरात, देवळात आणि मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात जाहीर केलं होतं. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं, आमेर दाखवायचं, परत येऊन पुरणाचं जेवायला घालायचं आणि होकार घेऊनच पाठवायचं, असा कार्यक्रम ठरला. बायोडेटात नीरजच्या छंदापुढे 'मोटार इंजिनाचे ट्यूनिंग' असं लिहिलेलं होतं. तेव्हा गाडी म्हणजे निव्वळ वाहन राहिलं नव्हतं. ती उमेदवाराच्या चारित्र्याची प्रमाणित प्रत झाली होती.

सुलोचनाबाई पुरणासाठी घरी थांबल्या. नीरज स्टिअरिंगवर, शेजारी शेषराव, मागे देव कुटुंब, असे पाच जण निघाले.

जोरावर सिंह गेटपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध चाललं. मनोहरराव कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. दोन मीटर आणि मधला गणपती पाहून ते मनापासून खूश झाले. दोन स्वतंत्र निरीक्षणं आणि त्यांचं माध्य, म्हणजे सरासरी, हे त्यांनी पस्तीस वर्षं ज्या मुलांना शिकवलं त्यातल्या एकानेही कधी व्यवहारात वापरलं नव्हतं. असा मुलगा जावई म्हणून मिळणं हे आपलं भाग्य, असं त्यांनी जलमहालाच्या आधीच ठरवून टाकलं. मैथिली खिडकीतून बाहेर बघत होती. जलमहाल मागे पडला, घाटीचा चढ लागला, आणि तिने मान आत वळवली.

"कसला तरी आवाज येतोय," ती म्हणाली. "टकटक असा."

सुधाताई म्हणाल्या की गाडी आहे, वाजणारच. शेषराव म्हणाले की पुढे हत्ती चाललेत, त्यांच्या साखळ्यांचा असेल. मनोहररावांनी मीटर पाहिले. डावा सतरा, उजवा बारा पूर्णांक चार. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि माध्य स्थिर असल्याचं सांगितलं.

नीरजने मात्र फक्त डावा मीटर पाहिला. चढावर पेट्रोल जास्त लागतं आणि डावीकडे कमी पडतंय, हे त्याला ठाऊक होतं. आयुष्यात प्रथमच 'मतलब' न म्हणता तो बोलला.

"बाबा, गाडी एकदम लीन होतेय."

समोर वळणावर आमेरचा किल्ला दिसत होता. किल्ल्यात शिलामातेचं देऊळ आहे, हे शेषराव नुकतंच पाहुण्यांना सांगून चुकले होते. त्यांनी मागे वळून सर्वांकडे पाहिलं, डोळे मिटले आणि हात जोडले. सुधाताईंनी पदर डोक्यावर घेतला. मनोहररावही, संख्याशास्त्र बाजूला ठेवून, किंचित वाकले.

"होऊ दे बाप्पा," शेषराव सद्गदित होऊन म्हणाले. "अजून होऊ दे. आईचं ठिकाण आहे."

"बाबा, मतलब, थांबावं लागेल—"

"देवाच्या दारात काऊन थांबतं रे? चाल."

वडिलांचा शब्द आणि भावी सासऱ्याची वाकलेली मान यांच्यापुढे भारतीय तरुणाने अॅक्सिलरेटर सोडल्याचं उदाहरण निदान माझ्या पाहण्यात नाही. नीरजने तो दाबला. मैथिली पुन्हा म्हणाली की आवाज वाढलाय. ही सूचना गाडीतल्या पाचापैकी चार जणांनी ऐकली आणि शून्य जणांनी स्वीकारली. पुढच्या वळणावर गाडीने एक मोठा आवाज केला, मागे निळसर धुराचा पडदा सोडला आणि ती पूर्णपणे, कायमची लीन झाली. पाठीमागून आलेला हत्ती क्षणभर थांबला, त्याने सोंडेने हवा हुंगली आणि तो पुढे गेला. त्याने आकडा सांगितला नाही.

रस्त्याच्या कडेला दोन्ही वडीलधाऱ्यांनी संयुक्त पाहणी केली. रेल्वेत गाडी बिघडली की प्रत्येक खात्याचा सुपरवायझर एकाच टिपणावर सही करतो आणि दोष कोणाचा यावर आपलं वेगळं मत नोंदवतो. शेषरावांच्या हातात ती कला अजून होती. त्यांचं मत पडलं की देवीने परीक्षा पाहिली. मनोहररावांचं मत पडलं की इतक्या चांगल्या माध्यावर गाडी बंद पडणं हा निव्वळ योगायोग, आणि योगायोगाचा दोष मुलाला देता येत नाही. नीरज बॉनेट उघडून आत बघत उभा राहिला. मैथिलीने रस्त्यावर जाऊन एक जीप थांबवली.

घरी पुरण निवलं होतं. जेवणं झाली, आणि मुख्य विषय निघाला. नीरजला विचारलं, त्याने मान खाली घालून हो म्हटलं. सुधाताई मैथिलीला आत घेऊन गेल्या आणि बाहेर येऊन हळूच म्हणाल्या की ती नको म्हणते.

बैठकीत पहिल्यांदा सावरले ते मनोहरराव. ते म्हणाले, घाई नको. एक होकार आहे, एक नकार आहे. होकाराला एक धरा, नकाराला शून्य. माध्य अर्धं येतं. अर्धं म्हणजे पन्नास टक्के, पन्नास टक्के म्हणजे चांगल्या सेकंड क्लासच्या जवळ. अशा निकालावर लोक डॉक्टर होतात. इथे तर नुसतं लग्न करायचं आहे. शेषरावांना हे पटलं. मुलगी आधी नाही म्हणते, मग लीन होते, असं त्यांनी अनुभवाने सांगितलं. सुलोचनाबाईंच्या तर डोळ्यांत पाणीच आलं आणि त्या साखर आणायला उठल्या.

मैथिली दारात येऊन उभी होती.

"माझा नकार पूर्ण आहे, बाबा," ती म्हणाली. "सरासरीच काढायची असेल तर दुसऱ्या कुणाचा तरी नकार घ्या. माझा यात धरू नका."

एवढ्यात नीरज काहीतरी बोलला. त्याचं वाक्य 'मतलब, ती बरोबर' इथपर्यंत आलं होतं, असं सुलोचनाबाई आता सांगतात. शेषराव म्हणतात, तो फक्त खोकला.

पाहुणे संध्याकाळच्या गाडीने गेले. प्रकरणाचा निष्कर्ष दोन्ही घरांनी एकमताने काढला, हे जयपूर-नागपूर संबंधांच्या इतिहासात नोंदवण्यासारखं आहे. मुलगी हट्टी, पुण्याला राहून बिघडलेली; बाकी सगळं जुळत होतं. दोन मीटरांपैकी एक सगळ्यांच्या सोयीचं सांगत असेल आणि दुसरा सतत कटकट करत असेल, तर कटकट करणारा नादुरुस्त समजावा, हा नियम माणसांना आणि यंत्रांना सारखाच लागू आहे. देवराम मिस्त्रीने नवा पिस्टन बसवला आणि शेषरावांच्या सांगण्यावरून डावा सेन्सर काढून टाकला, कारण त्या दिवशी वाईट आकडा दाखवला होता तो त्यानेच. तेव्हापासून गाडीत शांतता आहे. सुलोचनाबाई पुढच्या स्थळाच्या शोधात आहेत. अट एकच, मुलगी समजूतदार हवी.

आपण ही कथा इथवर शांतपणे वाचलीत याबद्दल आभार. दरम्यान आतल्या खोलीतून कुणीतरी तुम्हाला दोनदा काही विचारलं आणि तुम्ही मान वर न करता एकदा 'हं' म्हणालात. काळजी नसावी. सरासरी अर्धा 'हं' पडतो, आणि तेवढ्यावर आपल्याकडे संसार चालतात.